मडक्यातला चुडा

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत जैतुनबी मन्यारणीचं घर होतं. घर म्हणजे एक खोली, पुढं ओटा आणि ओट्यावर बकरी. खोलीत फळीवर एक मडकं असायचं, तोंडाला फडकं बांधलेलं. त्यात लोणचं नव्हतं, गूळ नव्हता, आणि जैतुनबीखेरीज त्याला कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. तो बकरीलाही ठाऊक असावा, कारण घरातलं बाकी सगळं तिनं कधी ना कधी चाखून बघितलं होतं.

हल्ली बांगड्या पुठ्ठ्याच्या नळीवर मिळतात. बाई दुकानात जाते, नळी उचलते, आपल्या आपण चढवते, झालं. हात कुणी हातात घेत नाही. निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादेत असं नव्हतं. तेव्हा बांगड्या भरायला मन्यारीण घरी यायची, ओसरीवर बसायची, पाणी प्यायची, आणि मग बाईचा पंजा स्वतःच्या मांडीवर घेऊन आधी नुसता चेपत राहायची. हाडं मऊ पडली की बोलत बोलत बांगडी कधी आत गेली ते कळायचं नाही. बोलायची मात्र बाई. मन्यारीण ऐकायची.

जैतुनबी हे शिकली बापाकडून. चांदपाशा मन्यार छावणीच्या गुरुवारच्या बाजारात बसायचा, आणि पडद्यातल्या बायकांसाठी लेकीला घरोघर पाठवायचा. पाठवताना त्यानं तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, बांगडी ढकलायची नाही, हात तिच्यात उतरवायचा. दुसरी, ज्या ओसरीवर बसशील तिथलं बोलणं तिथंच ठेवून उठायचं, कारण बैठकीतलं बोलणं ही अमानत असते. अमानत म्हणजे काय हे समजावायला तो पैगंबरांची गोष्ट सांगायचा. मक्केतले लोक त्यांच्या जिवावर उठले होते, तरी आपल्या मोलाच्या चिजा त्यांच्याकडंच ठेवायचे. आणि मक्का सोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी आधी त्या सगळ्या चिजा ज्याच्या त्याला पोचवायला माणूस मागं ठेवला. "दुश्मनाची सुद्धा," चांदपाशा बोट वर करून म्हणायचा. "आपल्या माणसाची तर कुणीबी देतंय."

नवरा लवकर वारला तशी जैतुनबीनं बांगड्यांचा हारा डोक्यावर घेतला आणि बापाच्या दोन्ही गोष्टी धंद्यात पाळल्या. माणसं चेहऱ्यानं ओळखतात, ती मनगटानं ओळखायची. कुणाचा हात सुजलाय, कुणाचा वाळत चाललाय, कुणाच्या मनगटावर बोटांचे वळ आहेत, सगळं तिला दिसायचं. शेजारणी उकरून उकरून विचारायच्या. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "काचेचं विचारा बाई, घरचं नको." त्यामुळं ज्या बाया आईलाही काही सांगत नसत त्या जैतुनबीला सांगत. 

अशांपैकी एक करमाडच्या आप्पासाहेबांची बायको, मनकर्णाबाई.

जालन्याकडच्या गाडीत बसलं की करमाड लांब नाही. जैतुनबी संक्रांतीला आणि आखितीला तिथं ठरलेली जायची. मनकर्णाबाई हाडापेरानं नाजूक, सव्वादोनचं माप, अंगठा असा वळायचा जसा काही त्याला हाडच नाही. तिचा हात भरणं म्हणजे जैतुनबीला विसावा वाटायचा. पण एका साली ती छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती. जुन्या बांगड्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरत होत्या.

"आज माझ्या हातात नको," ती म्हणाली. "द्वारकीच्या लग्नाचा चुडा काढ."

द्वारकी तिथंच होती, परकराचा ओचा करून उकिडवी बसलेली. मन्यारीण आली की फुटक्या काचांचे तुकडे मिळायचे, आणि पोरीचा खेळ त्याच्यावर चालायचा. जैतुनबीनं तुकडे तिच्या ओच्यात टाकले. टाकताना सवयीनं पोरीचा पंजा पाहिला. पंजा रुंद, अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा गोळा. नांगर धरणाऱ्या घराचा हात, सगळा आप्पासाहेबांवर गेलेला.

"एवढीशी तर हाय अजून," ती म्हणाली. "माप आताच कसं धरू बाई?"

"माझंच धर. लेक आईवर जाते."

"एक माप वरचं घेऊ या. सैल झाली तर भागतं, अडली तर भागत नाय."

मनकर्णाबाईनं तिच्याकडं पाहिलं. आता ज्या बाईला आपणच आपल्याला कमी कमी दिसायला लागलोय, तिला कुणी सांगायचं, की पोरीच्या अंगात तुझं बोटभरही उतरलेलं नाही? शहाण्या माणसांनी सांगितलं असतं कदाचित. जैतुनबीला सांगवेना. तिनं हाऱ्यातल्या दोऱ्या सोडल्या. मनकर्णाबाईनं एक एक बांगडी उजेडात धरून निवडली. जपानी काच, गर्द हिरवी, आत सोन्याची धूळ अडकून बसल्यासारखी. माप सव्वादोन. मोल तिथल्या तिथं चुकतं झालं.

"ह्या इथं ठेवू नको," मनकर्णाबाई म्हणाली. "तुझ्याजवळ ठेव. अन् घरात कुणाला सांगू नको. उद्या इथं दुसरी येईल. मेलेली सवत आधीच सगळं मांडून गेली असं तिला वाटाया नको. लग्नाचा चुडा भरतेत त्या दिवशीच आण. अन् दुसऱ्या कुणाला देऊ नको जैतुनबी. तुझ्या हातानं भर."

"अल्लाहनं चाहिलं तर भरीन."

"तसं नको. ते तर समदेच म्हणतेत."

जैतुनबीनं तिचा हात दोन्ही हातांत धरला. "वादा," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला करमाडला गेली तेव्हा मनकर्णाबाई राहिली नव्हती, ओसरीवर दुसऱ्या कुणाचं धुणं वाळत होतं. काही महिन्यांत आप्पासाहेबांची दुसरी बायको, लक्ष्मीबाई, त्या घरात आली. जैतुनबीनं तिचाही हात भरला, अडीचचं माप, आणि मडक्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मडक्यात कापूस, कापसात चुडा. एका पावसाळ्यात जैतुनबीच्या खोलीची भिंत बसली आणि दोन गल्ल्या पलीकडं बिऱ्हाड हलवावं लागलं. तेव्हा टांग्यात भांडी, गाद्या, लेक अजरा, आणि मांडीवर मडकं घेतलेली जैतुनबी. बकरी टांग्यामागून चालत आली. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, जैतुनबीनं मडक्यात मोहरा भरल्यात वाटतं. तिनं तेही चालवून घेतलं. 

मग लढाई लागली. तिकडं जर्मनी की कुठं तोफा सुटल्या, त्याचं औरंगाबादला काय, असं आधी सगळ्यांना वाटलं. पुढं जपानही लढाईत उतरला, जपानी काच बंद झाली, आणि मन्यारांच्या हाऱ्यात उरलासुरला जाडाभरडा माल तेवढा राहिला. नेमका त्याच साली अजराचा निकाह ठरला. मन्यारणीची एकुलती एक लेक, आणि तिच्या हातात घालायला धड काच नाही.

अजराचा हात सव्वादोनचा होता. नेमका.

"अम्मा," एके दिवशी फळीकडं बघत ती म्हणाली, "तो चुडा मला भर. लढाई काय जन्मभर चालणार नाय. संपली की तसलाच आणून ठेव."

"तसलाच म्हंजे तो न्हवं."

"कोण पूछने आ रहा है? ती बाई गेली. तिच्या घरात कुणाला ठाऊक नाय."

"म्हणूनच तर."

"म्हणूनच काय?"

"त्यांना ठाऊक असतं तर मी त्यांच्या धाकानं ठेवला असता. मग त्याला अमानत कशाला म्हणायचं? राखण म्हणायचं."

"तुला लेकीपरीस काच मोठी हाय," अजरा म्हणाली.

त्या क्षणी लेकीपेक्षा मोठं जैतुनबीला काहीच नव्हतं, आणि तरी मडक्याचं फडकं ती सोडणार नव्हती. ह्या दोन गोष्टी एका छातीत मावतात, पण त्या लेकीला पटवून देता येत नाहीत. अजरा लाखेच्या बांगड्यांच्या जोडावर सासरी गेली. सासर म्हणजे चार घरं सोडून, गयास शिंप्याचं. तिथून कितीतरी दिवस ती आईच्या ओट्यापुढून मान वळवून जायची. बकरीशी मात्र बोलायची, आईला ऐकू जाईल अशा बेतानं.

लेक रुसली ते एक. खरा घोर वेगळाच होता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. करमाडात द्वारकीचा हात वाढत होता.

दर संक्रांतीला जैतुनबी तिचा पंजा मांडीवर घ्यायची आणि अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा गोळा चाचपायची. एका संक्रांतीला सव्वादोनची बांगडी सहज गेली असती. पुढं अंगठ्याशी घासून गेली असती. त्याच्या पुढच्या खेपेला जैतुनबीनं वरचं माप काढलं, आणि द्वारकी खूश झाली, "मी मोठी झाले ना मावशी?" 

"लई मोठी झालीस गं," जैतुनबी म्हणाली. हे कौतुक नव्हतं.

त्या काळी गावोगाव पोरींची लग्नं लौकर उरकायची घाई सगळ्यांनाच, पण ती लोकलाजेपायी. माप हुकेल म्हणून पोरीचं लग्न उरका असं म्हणणारी मुलखात एकटी जैतुनबीच असेल. ती आडून आडून सुचवायची. "पोरीचं जमवा की आप्पासाहेब."

आप्पासाहेबांना सुधारणेचं वारं लागलेलं. "शिकतीय अजून," ते म्हणायचे. "तुला कशाची घाई, जैतुनबी? चुडा भरायची?"

ते गमतीनं बोलायचे. ती हाऱ्यातल्या दोऱ्या आवळत उठायची. घरी येताना मग स्वतःचीच लाज वाटायची, की काचेपायी आपण एका पोरीची पाटी हिसकायला निघालो. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

शेवटी ती मोहियोद्दीन मौलवींकडं गेली. गल्लीतल्या मशिदीत पोरांना शिकवणारा साधा माणूस. नाव-गाव न सांगता तिनं सगळं विचारलं. ते दाढी कुरवाळत राहिले. म्हणाले, "बोलतो तेव्हा खोटं बोलतो, वादा करतो तेव्हा मोडतो, अमानत ठेवली तर खातो, ही मुनाफिकाची, दुतोंड्याची निशाणी. तू यातलं काहीच करत नाहीस. अमानत ज्याची त्याला पोचव. वाद्याचं, तर जेवढं हातात आहे तेवढं कर. उरलं त्यात अल्लाह नियत बघतो."

"नियत मनगटात भरता येत नाय, मौलवीसाब."

मौलवी हसले. "ते तुझ्या धंद्याचं. त्यातलं मला काय कळतंय?"

आणि मग धंदाच हातातून सुटायला लागला. आधी थंडीत बोटं आखडायची, मग बारमाही. पंजा चेपायला लागणारा अंगठ्याचा जोर गेला. मन्यारणीचा अंगठा गेला म्हणजे गवयाचा गळा गेला. हारा अजरानं उचलला. ती बोलायला लागली होती, पण कामापुरतं. हात मात्र आईहूनही मऊ होता, हे बाया जैतुनबीच्या तोंडावर सांगायच्या, आणि ती मान हलवायची. मडकं फळीवर होतं.

लढाई संपल्यावरच्या साली एके दिवशी अजरा करमाडहून आली ती हारा उतरवता उतरवताच म्हणाली, "द्वारकीचं लगीन ठरलं. अंबडचा मुलगा हाय. लक्ष्मीबाईनं जालन्याच्या कासाराकडनं चुडा बी आणून ठेवलाय. परवा भरणार."

जैतुनबी उठली आणि फळीखाली जाऊन उभी राहिली. हात वर पुरेना. अजरानं पाहिलं आणि मडकं काढून दिलं. त्याला तिचा हात लागला तो हाच पहिल्यांदा.

"मी येते संगं," ती म्हणाली. "तुझ्या बोटांनी भरून व्हायचं नाय."

"माझ्याच हातानं भरीन म्हणलंय मी."

"ते बघू."

करमाडच्या वाड्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरीवर बाया, मधे पाटावर द्वारकी, पुढं सुपात जालन्याचा चुडा, चांगला टपोरा, अडीचहून जरा खालच्या मापाचा. लक्ष्मीबाईची धांदल चालली होती. जैतुनबीला पाहून ती थांबली.

"यायचं व्हतं तर सांगावा धाडायचा, जैतुनबी. चुडा आलाय की. अन् हे काय, लोणचं आणलंस व्हय पोरीला?"

बाया हसल्या. जैतुनबी खाली बसली. मडकं पुढ्यात ठेवलं आणि फडक्याची गाठ सोडायला लागली. बोटांना गाठ सुटेना, पण तिनं अजराला हात लावू दिला नाही. कापूस निघाला. कापसातून हिरवा चुडा निघाला तेव्हा हसणाऱ्या बाया पुढं सरकल्या. तसली काच लढाईपासून कुणी पाहिली नव्हती.

"मनकर्णाबाईनं निवडलाय," जैतुनबी म्हणाली. "जाण्याआधी. माझ्याजवळ ठेवला. लग्नाचा चुडा भरतेत त्या दिवशी आण म्हणाल्या."

लक्ष्मीबाई सुपाशीच उभी होती.

"इतकी वर्षं," ती सावकाश म्हणाली, "दर संक्रांतीला ह्या ओसरीवर बसलीस. माझ्या हातचं पाणी प्यालीस. मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"सांगू नको म्हणल्या व्हत्या. तुमच्या मनाला लागंल म्हणून."

"बरंय मेलेल्या माणसाचं. मन राखल्याचं पुण्य त्यांचं, अन् पोरीचं गोवर-कांजण्या, न्हाणं-धुणं माझं." तिनं पदर खोचला. "माप कोणतं?"

"सव्वादोन."

लक्ष्मीबाईला हसू आलं, पण ते काही चांगलं हसू नव्हतं. "तू मन्यारीण ना गं? पोरीचा हात बघितलास कधी?"

"दर साली बघितला."

"मंग?"

"वादा केला त्या दिवशीच दिसत व्हतं, बाई. मरणाऱ्या बाईला नाय म्हणवलं नाय. चूक तिची न्हवं. माझी."

एवढं बोलून जैतुनबीनं चुडा उचलला आणि द्वारकीच्या ओच्यात ठेवला. लहानपणी काचेचे तुकडे टाकायची तसाच. "तुझ्या आईची अमानत. पोचली. आता भरायचा का तसाच ठेवायचा, ते तू सांग. मी भरीन म्हणाले व्हते, पर हात तुझा हाय."

द्वारकीनं बांगड्यांवरून बोट फिरवलं. वर बघितलं ते लक्ष्मीबाईकडं. "आई, तू सांग."

लक्ष्मीबाईला याची अपेक्षा नव्हती. ती थोडा वेळ सुपातल्या चुड्याकडं बघत राहिली. तोही तिनं एक एक बांगडी उजेडात धरूनच निवडलेला होता. मग म्हणाली, "मला काय इचारतीस? कर हात पुढं. नाय गेल्या तर जालन्याच्या हायेतच."

रिठ्याचं पाणी आलं, तिळाचं तेल आलं. जैतुनबीनं द्वारकीचा पंजा मांडीवर घेतला. दाबायला गेली, अंगठा भलतीकडंच वळला. पुन्हा दाबला. पंजा दगडासारखा तसाच. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

"अम्मा, सरक," अजरा म्हणाली.

"नाय. माझ्या हातानं म्हणाले व्हते मी."

"मंग बांगडी तू धर. पंजा मी चेपते. पंजा चेपायचा वादा कुणी केला नव्हता."

कुणीतरी फिसकन हसलं. जैतुनबीनं लेकीकडं पाहिलं. मौलवींकडं जाऊन आली, पण त्यांनाही हे सुचलं नव्हतं. ती बाजूला झाली नाही, जागा करून दिली.

अजरानं पंजा हातात घेतला. बराच वेळ नुसतं तेल चोळलं. मग चारी बोटं एकात एक मिटवली, अंगठा तळव्यात घडी घातल्यासारखा आत ओढला, आणि मुळाशी हाडाचा तो गोळा, आप्पासाहेबांचा, दोन बोटांत धरून हळूच खाली बसवला. "आता," ती म्हणाली. जैतुनबीनं बांगडी धरली होती. ढकलली नाही. हात तिच्यात उतरला.

पहिली गेली आणि ओसरीनं श्वास सोडला. मग दुसरी. द्वारकीच्या डोळ्यांत पाणी येत होतं, पण हूं की चूं नाही. एक हात भरला. दुसरा भरत आला. लेक दाबत होती, आई उतरवत होती. अजराच्या लग्नापासून दोघी इतक्या जवळ बसल्या नव्हत्या. 

शेवटची बांगडी अंगठ्याच्या गोळ्यावर अडली. अजरा म्हणाली, "थांब." जैतुनबीच्या बोटांना थांबता आलं नाही. बारीक आवाज झाला आणि बांगडीचे दोन तुकडे मांडीवर पडले.

चुडा भरताना असं व्हावं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. म्हाताऱ्या तर तोंड उघडायला टपल्याच होत्या, अपशकुनाचं सगळं पाठ असतं त्यांना. जैतुनबी मान खाली घालून बसली. इतकी वर्षं मडक्यात एकीला तडा गेला नव्हता. गेला तो तिच्या बोटांत.

"वाढली," लक्ष्मीबाई ठसक्यात म्हणाली. बांगडी फुटली असं म्हणायचंच नसतं, वाढली म्हणायचं. "पोरीची आई सवाशीण गेली व्हती. एक आपल्याकडं ठेवून घेतली तिनं. त्यात काय बघत बसलायसा समद्या?" आणि सुपातली एक बांगडी उचलून तिनं जैतुनबीच्या हातात दिली. "ही घाल तिच्या जागी. हिला अडायचं नाय."

जालन्याची बांगडी सहज गेली. हिरव्यात हिरवी, पण रंग जरा उजळ. नीट पाहिलं की कळायचं.

जैतुनबीनं मग मांडीवरचे दोन तुकडे वेचले. एक बारीक कपची पाटाखाली गेली होती, ती शोधली. सगळं द्वारकीच्या तळहातावर ठेवलं. "हे बी तुझंच."

चुडा भरला की नवरीनं भरणारीला नमस्कार करायचा. द्वारकी वाकली, तशीच वाकलेली राहून हळूच म्हणाली, "मावशी, माझा हात आईसारखा हाय का गं?"

हो म्हणायला काय लागत होतं? लग्नघरात असलं खोटं कुणी खोट्यात धरत नाही. जैतुनबीनं तिचं मनगट धरलं. "नाय. हात तुझ्या बापाचा हाय," ती म्हणाली. "पर एवढं दुखलं, तू तोंडातून आवाज काढला नाहीस. तशी ती व्हती."

द्वारकीला ते पुरलं.

लक्ष्मीबाईनं दोघींना जेवल्याशिवाय सोडलं नाही. शिधा दिला, खण दिले, आणि निघताना पायरीपर्यंत आली. "माझ्यासाठी बी कुणी काय ठेवलं असंल तर आताच सांग बाई," ती म्हणाली. तिघीही हसल्या.

स्टेशनावर गाडीला उशीर होता. फलाटावरच्या लिंबाखाली जैतुनबी रिकामं मडकं मांडीवर घेऊन बसली, सवयीनं. इतकी वर्षं जे जपलं ते गेलं, तर हलकं वाटायला हवं होतं. वाटतही होतं. पण हलकेपणाचीही सवय लागावी लागते. तिला मनकर्णाबाईचा वळणारा अंगठा आठवला, बापाचं वर केलेलं बोट आठवलं, छावणीचा गुरुवार आठवला. हाऱ्यातल्या काचेवर पडायचं ते सकाळचं ऊनही आठवलं.

"आता तरी ह्यात लोणचं घालू?" अजरानं विचारलं.

"घाल."

लांब सिग्नल पडला.

"अजरा, त्या साली तुलाच भरायला पायजे व्हता असं वाटतंय का अजून?"

अजरा खोटं बोलणारी नव्हती. ते तरी ती आईकडून शिकली होती. "वाटतंय," ती म्हणाली.

"वाटू दे," जैतुनबी म्हणाली.

तिनं लेकीचा हात ओढून मांडीवर घेतला, मडक्याच्या शेजारी. तेलानं तो अजून चिकट होता. जोर नसलेल्या बोटांनी ती तो चेपत राहिली, जुन्या सवयीनं, हाडं चाचपत. सव्वादोनच होता अजून. लेकीनंही तो काढून घेतला नाही, गाडी फलाटाला लागेपर्यंत.